रंगाऱ्याचं घर शिंप्याला

युद्ध संपलं तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, सुटलो एकदाचे. पण आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते तह झाल्यावर कळलं. दोन सरकारांची माणसं कुठल्याशा मोठ्या शहरात जमली, जेवली-खाल्ली आणि सह्या करून मोकळी झाली. त्या तहात एक कलम होतं. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या, पण मूळ पलीकडचं असलेल्या लोकांनी पलीकडे जायचं, आणि पलीकडे राहणाऱ्या अलीकडच्या लोकांनी इकडे यायचं. म्हणजे पुन्हा कधी भांडण नको. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यापैकी एकालाही स्वतःचा उंबरठा ओलांडावा लागणार नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

रंगाऱ्याचं घराणं पलीकडच्या मुळाचं निघालं. निघालं असंच म्हणायचं, कारण त्यांच्या स्वतःच्याही ते ध्यानीमनी नव्हतं. म्हाताऱ्या रंगाऱ्याचा पणजोबा कधीतरी डोंगरापलीकडून आला होता, एवढंच काय ते. त्यानंतरच्या पिढ्या याच गल्लीत कापड रंगवण्यात गेल्या. गावातले लग्नाचे लाल आणि मरणाचे काळे, दोन्ही कपडे त्यांच्याच हौदांतून निघायचे. घर तसं लहानच. पुढे दुकान, मागे हौद आणि वाळवणाच्या दोऱ्या, वर दोन खोल्या.

आता त्या घरात तीनच माणसं उरली होती. म्हातारा, त्याची सून आणि सात वर्षांची नात. नात एका जागी बसायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. सुनेला सगळी गल्ली धाकटी म्हणायची. थोरली जाऊ तापात गेली, थोरला दीर युद्धात गेला, घरात मोठं म्हणावं असं कुणी राहिलं नाही, तरी ही आपली धाकटीच. तिच्या नवऱ्याला रस्ते बांधणाऱ्या पलटणीत धरून नेलं होतं. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्याची खबर येत होती. मग तीही बंद झाली.

म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला होता. डावं अंग लुळं, जीभ जड, आणि डोक्याची चाळणी झालेली. पण एक गोष्ट त्या चाळणीतून कधी गळली नाही. रोज संध्याकाळी तो धाकटीला विचारायचा, "आला का गं तो?"

"येतील, मामंजी. वाटेत असतील."

"जेवायला थांबू?"

"तुम्ही घ्या जेवून. त्यांचं झाकून ठेवते."

धाकटीला हे बोलणं पाठ झालं होतं, तरी ते तिला हवंसं वाटायचं. नवऱ्याची वाट पाहणारं जगात आणखी कुणीतरी होतं.

जायचा हुकूम आला, पण रंगाऱ्याच्या नावाची गाडी काही येईना. आणि गाडीच्या आधी आले ते दुसरेच लोक. एके दुपारी दारात वसाहत कचेरीचा शिपाई उभा राहिला. त्याच्यामागे एक उंच, वाकलेला माणूस आणि एक सुकलेली बाई. माणसाच्या छातीशी घोंगडीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. धाकटीला आधी वाटलं, मूल आहे.

"हे शिंपी," शिपाई म्हणाला. "पलीकडून आलेत. हे घर यांना मिळालंय. कापडाचा धंदा, कापडवाल्याचं घर! साहेबांनी डोकं लावून जुळवलंय."

"अहो, पण आम्ही अजून इथंच आहोत."

"मग काय झालं? थोडे दिवस सांभाळून घ्या. गाडी आली की तुम्ही मोकळ्या." आणि तो पुढच्या दाराकडे गेला. त्याला संपूर्ण गल्ली उरकायची होती.

शिंप्याने घोंगडी सोडली. आत शिलाई मशीनचं डोकं होतं. पायडलचा सांगाडा मागेच सोडून यावा लागला होता. त्याने ते डोकं दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि धाकटीकडे न बघता म्हणाला, "माफ करा, वहिनी. आम्ही बाहेरही झोपू."

"बाहेर कशाला?" धाकटी तुटकपणे म्हणाली. "तुमचंच घर आहे आता."

पहिले दिवस फार वाईट गेले. दोन बायका आणि एक चूल, त्यातही एक जाणारी आणि एक येणारी. शिंपीण धाकटीच्या एकाही भांड्याला हात लावायची नाही. स्वतःच्या डब्यात पेज शिजवायची आणि पायरीवर बसून खायची. धाकटीला त्याचाही राग यायचा. हात लावला असता, तर त्याचा आला असता. भिंगरीला तिने बजावून ठेवलं होतं, त्यांच्याशी बोलायचं नाही. पण भिंगरीच्या तोंडाला कुलूप घालायला ब्रह्मदेव यायला हवा होता. तिसऱ्या दिवशी ती खालून धावत आली.

"आई, त्यांचं बाळ होतं. वाटेत गेलं. आणि त्यांचे आजोबापण गेले. त्याच गाडीत."

धाकटी भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला ठेवली. थोड्या वेळाने तिने एक ताट वाढलं आणि पायरीवर बसलेल्या शिंपिणीपुढे नेऊन ठेवलं. शिंपिणीने ताटाकडे पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने जेवली. ताट धुऊन जागेवर ठेवताना तिने विचारलं, "इथंच ठेवायचं ना?"

त्या दिवसापासून त्या बोलू लागल्या. दोघींची भाषा एकच होती. शिंपीण जरा हेल काढून बोलायची, एवढाच काय तो फरक. धाकटी तिला घराच्या खोडी सांगू लागली. पुढच्या दाराला खालून लाथ घातल्याशिवाय कडी लागत नाही. वारा पूर्वेचा असला की चुलीचा धूर घरातच कोंडतो. मधला हौद गळतो, त्यात काही ठेवायचं नाही. सांगता सांगता मध्येच ती दुसऱ्याच कामाला लागायची. मग ती म्हणायची, "मरू दे. कळेल तुला हळूहळू."

एकदा हौद घासता घासता तिने मनातला प्रश्न विचारलाच. "तुमचं घर कसं होतं गं? कचेरीतले म्हणतात, इकडचे लोक तिकडच्या रिकाम्या घरांत ठेवणार आहेत. कुणी सांगावं, तुमचंच मिळेल आम्हाला."

शिंपीण घासत राहिली.

"मिळालं तर तुझ्या घराची काळजी घेईन. खरंच सांगते."

"नाही मिळणार," शिंपीण म्हणाली. "मी जाळलं ते."

धाकटीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"माझ्या हाताने काडी लावली. हे नको नको म्हणत होते. मी म्हटलं, कुठली कोण परकी बाई माझ्या चुलीपाशी बसणार, माझ्या बाळाच्या पाळण्यात तिचं मूल निजवणार? आधी जाळते, मग जाते. पाळणासुद्धा जाळला मी. तेव्हा बाळ कडेवर होतं माझ्या." तिने हातातला काथ्या पिळला. "आणि आता बघ. मीच बसलेय परक्या बाईच्या चुलीपाशी."

 हौदांमागे धाकटीनेही रॉकेलचा डबा लपवून ठेवला होता. वरच्या खोलीत म्हातारा होता म्हणून तिचं धाडस झालं नव्हतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने तो डबा शिंपिणीच्या स्वाधीन केला. "दिव्याला होईल," म्हणाली. शिंपिणीला काय समजायचं ते समजलं.

म्हाताऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र धाकटीच्या मानगुटीवर बसला होता. गाडीत आजारी माणूस घेत नसत. साथ पसरेल म्हणे. स्टेशनवर डॉक्टर उभा असायचा आणि चालता न येणाऱ्याला बाजूला काढायचा. बाजूला काढलेल्यांसाठी स्टेशनमागच्या गोदामात आश्रम उघडला होता. नाव आश्रम, पण रोज सकाळी तिथून झाकलेली हातगाडी बाहेर पडायची, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. शेजारच्या चांदीवाल्याने आपल्या आईला उभं राहायला शिकवलं होतं. डॉक्टरपुढे ती चार पावलं चालली आणि पाचव्याला कोसळली. चांदीवाला गाडीत चढला, आई गोदामात गेली.

आणि इकडे घरात भलतंच घडलं. शिंप्याने कुठूनशी फळकुटं जोडून मशीनला बैठक केली होती आणि तो हाताने चाक फिरवून लोकांचे फाटके कपडे शिवू लागला होता. जिना चढ-उतार नको म्हणून म्हाताऱ्याची खाट खालीच, दुकानात आणली होती. संध्याकाळ होत आली होती. शिंपी दाराकडे तोंड करून, वाकून शिवत होता. म्हातारा त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला.

"आलास?" त्याने विचारलं.

चाक थांबलं. शिंपी वळला. म्हाताऱ्याचा उजवा हात खाटेवरून पुढे आला होता. जन्मभर रंगात बुडालेला, नखांपाशी कायमचा निळा झालेला हात.

"आलो, बाबा," शिंपी म्हणाला.

धाकटी आतल्या दारात उभी होती. हातातलं ताट तिने जमिनीवर आपटलं. "कुणी सांगितलं तुम्हाला असं बोलायला? कोण तुम्ही? घर घेतलंत, चूल घेतलीत, आता त्यांची जागा पण घेता? ते आले नाहीत अजून! ऐकलंत, मामंजी? ते आले नाहीत!"

शिंपी उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "चुकलो, वहिनी. माझ्या तोंडून गेलं. माझे बाबा पण असेच..." 

म्हातारा घाबरून एकाकडून दुसरीकडे बघत होता. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शिंपी बाहेर जाऊन बसला, तर म्हातारा खाटेवरून उतरायच्या धडपडीत खाली पडला. "गेला," तो लहान मुलासारखा रडत होता. "रागावून गेला. बोलवा त्याला." धाकटी सांगत होती, ते येतील, वाटेत आहेत. पण आता ते उत्तर त्याला पुरत नव्हतं. आपला मुलगा आलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी पेजेची वाटी तशीच परत आली, तेव्हा धाकटी पायरीवर गेली आणि शिंप्यामागे उभी राहिली. 

"भाऊ," ती म्हणाली, "आत या. काय म्हणायचं ते म्हणा त्यांना."

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने शिंप्याच्या हातून पोटभर खाल्लं. त्यानंतर त्याने 'आला का' म्हणून कधी विचारलं नाही. धाकटी संध्याकाळ झाली की उगीचच खाटेपाशी घुटमळायची. तो विचारायचा नाही. घरात नवऱ्याची वाट पाहणारी आता ती एकटीच राहिली होती.

गाडी आली तेव्हा तयारीला एक रात्र मिळाली. शिंपीण म्हणाली, "मामंजींना आमच्याकडे ठेव. आमचा म्हातारा म्हणून सांगू. आमचा एक कमी झालाच आहे. डोकी मोजण्यापलीकडे कोण बघतंय?"

धाकटीने मान डोलावली. दुसरा मार्गच नव्हता.

मग शिंपिणीने तिचा हात धरला. "तूही थांब ना. बहीण म्हणून सांगू. महिनाभर लपून राहा. तुझा नवरा आला तर?"

"वेडी आहेस का? गल्लीतलं कुत्रंसुद्धा ओळखतं मला. शेजारी आत्तापासून या घरावर टपलेत, उद्याच कुणीतरी सांगेल. मग तुम्हीही जाल, मामंजीही जातील. आणि भिंगरीला त्या गोदामात टाकतील." तिने हात सोडवून घेतला. "ते आले तर सांग, स्टेशनवरून गेलो. पलीकडे पोहोचले की कुणालाही विचारा म्हणावं."

सकाळी पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, नुसतं करडं आभाळ होतं. धाकटीने दोन गाठोडी बांधली होती. भिंगरी आजोबांच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा तो तिच्या डोक्यावर थोपटत राहिला आणि कोण रडतंय ते त्याला कळेना. धाकटी वाकून त्याच्या पाया पडली. म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. तोंडाच्या एका बाजूने हसला. मग शिंपिणीकडे वळून जड जिभेने म्हणाला, "सूनबाई, पाहुणी निघाली. जेवून पाठव तिला."

शिंपिणीने तोंडात पदर कोंबला. धाकटी मात्र हसली. "जेवले हो, पोटभर जेवले," ती म्हणाली आणि बाहेर पडली. पाठीमागे दाराला खालून बसलेली लाथ तिने ऐकली. कडी लागली.

पलीकडे पोहोचल्यावर त्यांना आधी तंबूत ठेवलं, मग एका जुन्या सूतगिरणीत, चादरी टांगून केलेल्या खोल्यांत. रिकाम्या घरांची गोष्ट खोटी नव्हती. पण ती घरं ज्यांना मिळायची त्यांना मिळून गेली होती. इथल्या लोकांना ही माणसं आपली वाटत नव्हती. नळावर बायका म्हणायच्या, "आधी आमचं भरू द्या, तिकडच्यांनो." जन्मगावी धाकटी पलीकडची ठरली होती आणि पलीकडे आल्यावर तिकडची ठरली. धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा.

रंगकाम येत होतं म्हणून तिला कापडाच्या कारखान्यात काम मिळालं. दर आठवड्याला ती स्टेशनवर जायची, उतरणाऱ्यांना नवऱ्याचं वर्णन सांगायची. डाव्या भुवईवर व्रण, बोलताना मान तिरकी. लोक ऐकून घ्यायचे. त्यांच्याकडेही विचारायला कुणीतरी होतंच.

वर्ष उलटल्यावर उरल्यासुरल्यांना घेऊन शेवटची गाडी आली. तिच्यातून गल्लीतला तेलवाला उतरला. बायकोच्या माहेरच्यांनी त्याला इतके दिवस गल्लीतच लपवून ठेवलं होतं. धाकटीला बघून त्याने आधी मान खाली घातली. ती समजली.

"मामंजी?"

"हिवाळ्यात गेले. झोपेतच. शिंप्याने सगळं केलं पोटच्या पोरासारखं. त्यात काही कमी नाही." तो पाणी प्यायला. पुन्हा प्यायला.

"आणखी काय आहे? सांगून टाका, तेलवालेकाका."

"तुझा नवरा आला होता, पोरी."

तू गेलीस त्याच महिन्यात, तेलवाला सांगू लागला. सुटून आला होता, हाडांचा सापळा. तेलवाल्याने ते खिडकीच्या फटीतून बघितलं होतं. दार उघडं होतं. मशीनवर शिंपी, खाटेवर म्हातारा. तो उंबरठ्यावर उभा राहून 'बाबा' म्हणाला. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाला, 'दुकान बंद झालं. उद्या या.' तो पुन्हा म्हणाला, 'बाबा, मी.' तेव्हा म्हातारा चिडला आणि शिंप्याला म्हणाला, 'अरे, बघ रे कोण आहे, पैसे मागतोय वाटतं.'

"मग?"

"मग शिंपीण धावत आली. सगळं सांगितलं तिने त्याला. आत ये म्हणून हाताला धरत होती. तो काही आत गेला नाही. शिंप्याने स्वतःच्या अंगातला कोट काढून त्याला घातला, पाव बांधून दिला. गाड्या तर तेवढ्यापुरत्या बंद होत्या. रुळांच्या कडेने चालत निघाला, सीमेकडे. बर्फ पडायला लागलं होतं."

"इथे नाही आले ते."

"हो ना," तेलवाला म्हणाला. "मला वाटलं होतं, आला असेल."

धाकटी सीमेवर गेली. कारखान्याने रजा दिली नाही, तशीच गेली. चौकीतल्या जवानाने तिला बाकावर बसवलं. पोरसवदा होता, पण बोलायला वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, त्या हिवाळ्यात पुष्कळ लोक रुळांवरून आले. हाक मारली की थांबायचं, असा नियम होता. थांबले ते सापडतील तुम्हाला कुठेतरी. नाही थांबले ते तिकडे आहेत." त्याने रुळांखालच्या मोरीपलीकडच्या उंचवट्याकडे बोट केलं. त्यावर गवत वाढलं होतं.

"हाक कुठल्या भाषेत मारायचे?" तिने विचारलं.

"आपल्याच. दोन्हीकडची एकच की."

"मग ते थांबले असते," ती म्हणाली. "त्यांना ऐकू यायचं नीट."

 वारा फार होता त्या हिवाळ्यात, जवान म्हणाला. वाऱ्यात ऐकू येत नाही कधीकधी.

ती उंचवट्यावर गेली नाही. गेली असती तर मानल्यासारखं झालं असतं. आणि न जाता परत आली, तरी ते कुठेतरी आहेत हेही मानता येईना. आठवडाभर ती वाटेत भेटेल त्याला मनातल्या मनात एकच गोष्ट सांगत होती, मी महिनाभर थांबले असते तर. शेजारी घरावर टपले नसते तर. शिंपीण म्हणाली होती, थांब. मग तिने ते सांगणंही सोडून दिलं, कारण सगळ्यांकडे असलाच एकेक महिना होता.

कारखान्यात तिसऱ्या वर्षी पाळ्या वाढल्या. लाल, निळं, पिवळं सगळं बंद केलं आणि सातही हौदांत एकच रंग टाकला, खाकी. मुकादम खुशीत होता, काम भरपूर होतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि कापड बुडवायला घेतलं.

त्या दिवशी धाकटी घरी आली तेव्हा चादरीआड भिंगरी डोलत पाठांतर करत होती. तिची भाषा आता पुरती इथली झाली होती. परीक्षा जवळ आली होती.

"युद्धानंतर झालेल्या तहामुळे लोकसंख्येची शांततापूर्ण अदलाबदल झाली," ती म्हणत होती, "आणि दोन्ही देशांमधला वाद कायमचा मिटला. युद्धानंतर झालेल्या तहामुळे..."

"काय म्हणालीस?"

"इतिहास आहे, आई. मोठा प्रश्न आहे हा, हमखास येतो." भिंगरीने वर पाहिलं. "शांततापूर्ण म्हणजे काय गं?"

धाकटी हात धूत होती. खाकी रंग लवकर जात नाही. तिने साबण पुन्हा लावला, पुन्हा चोळला.

"मास्तरांना विचार," ती म्हणाली. "आणि मोठ्याने म्हण. मोठ्याने म्हटलं की पाठ होतं."